पट्टा, कडं आणि वाघाचा टी-शर्ट

गेल्या महिन्यातला वाचनकट्टा ज्यांना आठवतो, त्यांना हा लेख कशावरून सुचला ते सांगायला नको. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

आमच्या वर्गातला एकजण सुट्टीत हैदराबादला मामाकडे गेला होता. तिथं आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. त्या ढिगातून त्यानं ‘ब्लॅक बेल्ट’ नावाच्या अमेरिकन मासिकाचे सात-आठ अंक उचलून आणले. कराटे, जूदो, कुंग-फू या विषयांना वाहिलेलं हे मासिक मितो उयेहारा यांनी १९६१ साली सुरू केलं. आपल्या कट्ट्याचा नियम असा की ज्यानं वाचायला आणलं त्यानं दहा मिनिटं बोलायचं, मग बाकीच्यांनी. त्या दिवशी नियम कुणीच पाळला नाही. अंक हातोहात फिरले आणि सगळेजण लेख सोडून जाहिरातींवर तुटून पडले. पांढरे गणवेश, लाकडी तलवारी, नानचाकू, छापील टी-शर्ट. खाली कूपन, ते कापून पैशांसकट पाठवायचं. एकीनं तर मोजून सांगितलं की तिच्या हातातल्या अंकात मजकुरापेक्षा माल जास्त आहे.

मग एका सीनियरनं निकाल दिला, “हे मासिक नाही, दुकान आहे. वाङ्मय मंडळात दुकानाचं काय काम?”

सगळे हसले. मीही हसले. पण हसताना ओढणी जरा पुढं ओढून घेतली, कारण त्या दिवशी माझ्या अंगात आमच्या कराटे क्लासचा टी-शर्ट होता. छातीवर गोल, गोलात वाघ. रीतसर साडेतीनशे रुपये देऊन घेतलेला.

घरी जाताना बसमध्ये मला त्या सीनियरचा राग आला नाही, स्वतःचा आला. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही. तेच आता लिहिते.

पहिली गोष्ट, मासिक आणि दुकान हे काही आज भेटलेले दोस्त नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात याचा पुरावा दोरीवर वाळत असतो. बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो. हा सँडो एक माणूस होता. यूजेन सँडो, जन्म १८६७, प्रशियातला. पिळदार शरीराचे खेळ करून त्यानं नाव कमावलं. १८९८ साली लंडनहून व्यायामाचं मासिक काढलं आणि त्या नावावर काय काय विकलं! स्प्रिंगचे डंबेल्स विकले, ताण देऊन व्यायाम करायची साधनं विकली, पुढं कोको पावडरसुद्धा विकली. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावर आला होता. त्याचं मासिक दहा वर्षांच्या आतच बंद पडलं, कोकोचा धंदाही बुडाला. आपल्याकडं नाव राहिलं ते बनियनला. आमच्या शेजारचे काका उन्हाळ्यात ओसरीवर सँडो घालून बसतात, पोट मांडीवर ठेवून, तेव्हा त्या बिचाऱ्या पहिलवानाची मला दया येते.

म्हणजे सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे. माल मागं राहतो आणि ज्याच्यासाठी माल होता ते निघून जातं, असं होतं खरं.

पण उरलेलं अर्धं वेगळं आहे, आणि ते माझ्या टी-शर्टावरच्या वाघाकडून कळतं. हा वाघ ज्या पंथाचा आहे त्याचं नाव शोतोकान. कराटेला ओकिनावा बेटावरून टोकियोत आणलं ते गिचिन फुनाकोशी या शाळामास्तरानं, १९२२ साली. हे मास्तर कविता करायचे आणि खाली ‘शोतो’ असं टोपणनाव घालायचे. पाइनच्या झाडांतून वारा जाताना जो आवाज होतो, तो शोतो. पुढं शिष्यांनी त्यांच्यासाठी तालीम बांधली तिला नाव दिलं शोतोकान, म्हणजे शोतोचं घर. गावोगावच्या क्लासांच्या पाट्यांवर, पोरांच्या पाठीवर जे नाव छापलेलं असतं ते एका कवीचं टोपणनाव आहे! आणि वाघ? होआन कोसुगी या चित्रकारानं फुनाकोशींना पुस्तक लिहायचा आग्रह केला आणि पुस्तकासाठी वाघ काढून दिला. म्हणजे टी-शर्टावर येण्याआधी तो वाघ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता. वाङ्मय मंडळात वाघाचं काय काम, असं आता कुणी विचारू नये.

आणखी एक. कराटेचा पांढरा गणवेश आणि कमरेचा पट्टा प्राचीन आहे, हजारो वर्षांचा आहे, असं आम्हाला क्लासमध्ये सांगायचे. तसं नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जूदोची शाळा काढली, तिथं वरच्या दर्जाच्या शिष्यांना काळा पट्टा देण्याची रीत पडली. फुनाकोशींनी गणवेश आणि पट्टा तिथून उचलला. पिवळे, हिरवे, जांभळे पट्टे तर त्याच्याही नंतर युरोपात निघाले. सांगायचा मुद्दा इतकाच की ज्याला आपण ‘माल’ म्हणून नाक मुरडतो आणि ज्याला ‘परंपरा’ म्हणून नमस्कार करतो, त्या दोन्हींचा जन्म पुष्कळदा एकाच घरात झालेला असतो.

आता माझ्या घरातलं सांगते. त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते पूर्ण होणार नाही.

आमचं गाव भालकी तालुक्यात. माझे आबा, म्हणजे आजोबा, तरुणपणी कुस्ती खेळायचे. आमच्याकडच्या जत्रेत कुस्त्या कशा चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मग रोख रकमेच्या, आणि दिवस मावळताना शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. आबांनी एका वर्षी ते कडं मिळवलं. आज ते आमच्या लोखंडी ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं आहे. लहानपणी मी ते हातात घालून बघितलं तेव्हा आबांनी हळूच काढून घेतलं आणि म्हणाले, “बाई, हे घालायचं नसतं, मिळवायचं असतं.”

हे वाक्य ऐकायला फार छान आहे. मी कित्येक वर्षं ते शाळेत भाषणात वापरलं. पण एक गोष्ट मी कधी भाषणात सांगितली नाही. ते कडं मला मिळवता येणारच नव्हतं.

आमच्या गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस जात नाही. आत मारुतीची तसबीर, हौद्यात ताक-तेल-हळद घालून मळलेली लाल माती, भिंतीला टेकवलेल्या करेल्याच्या जोड्या. हे सगळं मी बाहेरून, मान लांब करून बघितलेलं आहे. भावासाठी दुधाचा तांब्या घेऊन मी रोज जायचे आणि उंबऱ्याशी ठेवून परत यायचे. कुणी मला कधी हाकललं नाही. हाकलायची वेळच येऊ नये असं सगळं आधीच ठरलेलं होतं.

आठवीत तालुक्याच्या शाळेत गेले. तिथं ग्राउंडवर संध्याकाळी कराटेचा क्लास चालायचा. फी होती, गणवेश विकत घ्यावा लागायचा, टी-शर्ट वेगळा. बाबांनी तुरीचे पैसे आल्यावर दिले. क्लासच्या सरांनी माझं नाव वहीत लिहिलं आणि विचारलं, “साईज काय?” बस, एवढंच. कुणाची पोरगी, कुठल्या गल्लीची, कुठल्या जातीची, घरात कुणी खेळलंय का, काही नाही. साईज काय! त्या दोन शब्दांची किंमत, उंबऱ्याच्या बाहेर तांब्या ठेवून परत फिरलेल्या माणसालाच कळेल.

म्हणून मी म्हणते, विकत मिळणाऱ्या गोष्टीला एकदम हलकं म्हणू नका. जे फक्त मिळवूनच घ्यायचं असतं, ते मिळवायला आधी आत तर घ्यावं लागतं. आत कुणाला घ्यायचं हे ठरवणारे आतलेच असतात. दुकानात तसं नसतं. दुकानदार पैसे बघतो, ही त्याची वाईट खोड आहे. पण तो इतर काही बघत नाही, हा त्याचा गुणही आहे.

हे मी रागानं बोलत नाही. तारखा बघा. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. बायकांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी जिंकली. मधे बासष्ट वर्षं गेली. तेवढ्या काळात गावोगावच्या ग्राउंडवर, शाळेच्या गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या हॉलात कराटे-तायक्वांदोचे क्लास निघाले, आणि तिथल्या पहिल्या बॅचपासून पोरी होत्या. आपल्या कर्नाटक सरकारनं शाळा-वसतिगृहांतल्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिक्षण काढलं, त्याला चित्रदुर्गच्या ओबव्वाचं नाव दिलं. किल्ल्याच्या भगदाडातून येणाऱ्या हैदर अलीच्या सैनिकांना जिनं एकेक करून मुसळानं लोळवलं, ती ओबव्वा. तिच्या हातात मुसळ का होतं? दुसरं काही तिच्या हातात कुणी दिलेलंच नव्हतं.

आणि कुस्तीत पैसा नसतो, ती म्हणे निव्वळ साधना, हेही खरं नाही. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले आणि ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्यासारख्याच एका कॉलेजच्या प्राचार्यांनी! लाल मातीला खुराक लागतो, तेल लागतं, तिकीट लागतं. पैसा आधीपासून आतच आहे. तो कशावर खर्च होतो, एवढाच प्रश्न आहे.

इथपर्यंत वाचून काहीजणांना वाटेल की ही पोरगी क्लासची जाहिरात करू लागली. थांबा. आता दुसरी बाजू.

जांभळ्या पट्ट्याची परीक्षा होती. फी बाराशे रुपये. त्या वर्षी तुरीला भाव नव्हता, तरी बाबांनी दिली. मी दोन महिने पहाटे उठून सराव केला. परीक्षा रविवारी झाली. बाहेरगावाहून मोठे सर आले, खुर्चीवर बसले, फोनवर बोलत राहिले. आम्ही चौपन्न जण होतो. तासाभरात सगळं आटोपलं. चौपन्नच्या चौपन्न पास. त्यात असाही एकजण होता जो चार महिन्यांत पाच-सहा वेळाच क्लासला आला असेल. मग प्रमाणपत्रं वाटली. मी घरी येऊन नीट बघितलं तर माझ्या प्रमाणपत्रावर तारीख शनिवारची होती. परीक्षेच्या आदल्या दिवशीच मी पास झाले होते.

ते प्रमाणपत्र मी आबांना दाखवलं. आबा निजामाच्या काळात दुसरीपर्यंत उर्दू शिकलेले, त्यांना मराठी अक्षरं अडखळत वाचता येतात. त्यांनी कागद हातात घेतला, सोनेरी कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कुस्ती कुणासंग झाली?”

“कुणासंग नाही आबा. परीक्षा होती.”

“पडलं कोण?”

“कुणीच नाही.”

आबा काही बोलले नाहीत. कागद घडी न घालता तसाच परत दिला. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली, आणि या लेखात मला तीच सांगायची आहे. साधन विकायला हरकत नाही. हौस विकायलाही हरकत नाही. पुरावा विकू नये.

गणवेश हे साधन आहे. पुस्तक, मासिक, डंबेल, करेला ही साधनं आहेत. ती विकत घ्यावीच लागतात, ती विकणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. टी-शर्ट, पोस्टर ही हौस आहे. वाघाचा टी-शर्ट घालून मी वाघ झाले असं मी म्हणत नाही, आणि बघणाराही तसं समजत नाही. ब्रूस ली गेला १९७३ साली. त्याचं चित्र छातीवर घेऊन हिंडणारा आपल्या बीदर बसस्टँडवरचा पोरगा कुणाला फसवत नाही, त्याला फक्त तो आवडतो. पण पट्टा ही वेगळी वस्तू आहे. पट्टा सांगतो की या माणसाला एवढं येतं. ते सांगणं जेव्हा पैशानं मिळतं, तेव्हा पोरगी फसते, तिचा बाप फसतो, आणि एखाद्या अंधाऱ्या रस्त्यावर त्या फसवणुकीची किंमत भलतीच मोठी होऊ शकते. मला काही येत नाही हे माहीत असलेली पोरगी वेळ आली तर पळेल. मला येतं असं खोटंच वाटणारी पोरगी थांबेल.

बीदरला नानक झिरा साहिबला जाऊन आलेल्या कितीतरी पोरांच्या हातात लोखंडी कडं दिसतं. ते बाहेरच्या दुकानात विकत मिळतं. शीख माणसाच्या हातात ते असतं तेव्हा ते पाच ककारांपैकी एक असतं, त्यानं घेतलेल्या व्रताची खूण असते. विकत घेतल्यानं तिथं काही बिघडत नाही, कारण ते कडं ‘मी जिंकलो’ असं म्हणत नाही. ‘मी असं वागीन’ असं म्हणतं. आबांचं चांदीचं कडं म्हणतं, ‘मी जिंकलो होतो, गावानं बघितलं.’ ते विकत घेतलं असतं तर मात्र त्याला काही अर्थ उरला नसता. दोन्ही कडीच. एक वचन आहे, एक पुरावा आहे. माझं शनिवारचं प्रमाणपत्र यांतलं कुठलंच नव्हतं.

आपल्या चॅपेलमध्ये येणाऱ्यांना संत पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र माहीत असेल. त्यात त्यानं धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला दिलाय. खेळाडू कोमेजणाऱ्या मुकुटासाठी एवढे कष्ट घेतात, मग आपण न कोमेजणाऱ्यासाठी किती घ्यावेत, असा त्याचा रोख आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. त्या ग्रीक खेळांतला मुकुट पानांचा असायचा. चार दिवसांत वाळायचा. त्यामुळं तो दुकानात विकायचं कुणाला सुचलं नसावं. लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं हेच खरं बक्षीस, मुकुट नुसता निमित्त.

मग प्रश्न येतो, आपण काय करायचं? तालमीत मला घेत नाहीत आणि क्लासमध्ये सगळ्यांनाच पास करतात. मधली वाट कुठली?

मला ती वाट जाहिराती सोडून त्या मासिकाच्या उरलेल्या पानांत दिसली, ज्यांवर त्या दिवशी आपण बोललोच नाही. कट्टा संपल्यावर मी एक अंक घरी नेला होता. त्यात वाचकांची पत्रं होती. वाचक लेखकाशी भांडत होते. तुम्ही दाखवलेला पवित्रा चुकीचा आहे, आमच्या गुरूंनी असा शिकवला नाही, फोटोत पाय उलटा पडलाय. जाहिरातीचं पान कुणाला उत्तर देत नाही, पण पत्रांचं पान देतं. मासिक आणि कॅटलॉग यांत फरक असेल तर तो इथं आहे.

आपल्या मराठीतही हे होऊन गेलेलं आहे. बडोद्याहून ‘व्यायाम’ नावाचं मासिक निघायचं. त्याच बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, फरीगदगा, बनेटी, सगळं चित्रांसकट. आपल्याकडच्या मातीतल्या विद्येवर एवढं मोठं काम मराठीत झालं, आणि आपल्याला सँडो बनियन माहीत आहे पण हा कोश माहीत नाही.

त्यातल्या कुस्तीच्या काही पानांची छायाप्रत एका सरांकडून मिळाली. सुट्टीत ती मी आबांना वाचून दाखवली. संध्याकाळची वेळ, आबा बाजेवर. मी एका डावाचं वर्णन वाचलं. आबा एकदम उठून बसले. “चूक हाय ते!”

“छापलंय आबा.”

“छापलं म्हणून काय झालं? हात असा गेला तर समोरचा सुटतो. हिकडं ये.”

अंगणात पोती अंथरली. पंच्याऐंशीच्या घरातले माझे आबा उभे राहिले, त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात कुठून गेला पाहिजे ते दाखवलं. त्यांच्या बोटांत अजून इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं. आजी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, “काय करूलालाव म्हाताऱ्यावानी! पोरीचा हात मोडताल!” आबांनी लक्ष दिलं नाही. मग घिस्सा, ढाक, निकाल, एकलंगी, धोबीपछाड, मोळी, एकामागून एक नावं निघाली. मी वहीत लिहीत गेले. काही नावं मराठी, काही दखनी, काही कानडी. कानडीत तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात, आबांच्या तोंडात दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. शिकवणारा तो वस्ताद, पण आबांचे स्वतःचे गुरू मात्र ‘उस्ताद’च, कारण ते तशीच हाक ऐकायचे.

ज्या माणसानं मला कडं घालू दिलं नाही, त्यानं एका छापलेल्या पानाशी भांडता भांडता मला डाव शिकवला. मी आधी नुसतं “आबा, मला शिकवा” म्हटलं असतं तर ते “पोरींचं काम नव्हे” म्हणाले असते. ते तसं म्हणाले होते, मी सातवीत असताना. पण समोर चुकीचं वाचलं गेलं आणि त्यांना राहवलं नाही. वाचक जागा झाला की उंबरा त्याच्या ध्यानात राहत नाही, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

म्हणून मंडळापुढं माझ्या दोन सूचना आहेत.

एक, पुढच्या अंकात आपण ‘तालमीतले शब्द’ असं सदर सुरू करू. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, जो ज्या तालुक्यातून येतो त्यानं आपल्या गावच्या एका म्हाताऱ्या पहिलवानाकडं जायचं आणि पाच शब्द आणायचे. मराठी, कानडी, दखनी, ज्या भाषेत मिळतील तसे. डाव कसा मारतात ते दोन ओळींत. दुसऱ्या गावच्या पहिलवानाला ते चूक वाटलं तर त्याचंही छापायचं, भांडण मिटवायचं नाही. १९५६ मध्ये आपला भाग निजामाच्या जुन्या मुलखातून इकडं आला, भाषेच्या रेघा ओढल्या गेल्या. पण हौद्यातली माती तिन्ही भाषांनी मळलेली आहे, आणि ती कुठल्याच राज्याच्या पाठ्यपुस्तकात येणार नाही. ज्यांना हे माहीत आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. आपल्याला फार वेळ नाही.

दोन, आपल्यापैकी जे कराटे, तायक्वांदो, काहीही शिकतात त्यांनी पुढच्या परीक्षेची फी भरण्याआधी आपल्या सरांना एकच प्रश्न विचारा. इथं नापास होण्याची सोय आहे का? असेल तर खुशाल भरा, तो पट्टा मान वर करून बांधा. नसेल तर टी-शर्ट घ्या, तो जास्त प्रामाणिक आहे.

मी क्लास सोडला नाही, हेही सांगायला हवं. ग्राउंड चांगलं आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत आणि रोज घाम निघतो. जांभळा पट्टा मात्र मी बांधत नाही. आधीचा हिरवा बांधते, तो मला आमच्या जुन्या सरांनी दोनदा नापास करून दिला होता. नवीन पोरी विचारतात, दीदी, तुझा पट्टा मागं कसा? मग मी त्यांना मोळी डाव दाखवते. कराटेच्या कुठल्याच परीक्षेत तो नाही.

कडं अजून ट्रंकेत आहे. मी परत मागितलेलं नाही. मागच्या रविवारी घरी गेले होते तेव्हा आबांनी विचारलं, “त्या पुस्तकातलं आणखी काय काय चुकलंय?”